मंडळात वाचलेले अण्णाभाऊ

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्यावरील बहुतेक लेखांची सुरुवात ठरलेली असते: हा माणूस अवघा दीड दिवस शाळेत गेला. गोष्ट खरी आहे, पण ती सांगून लेखक पुढे निघून जातात आणि एक प्रश्न मागे राहतो. दीड दिवसाच्या शाळेतून कथाकार घडत नाही. मग या माणसाकडे अक्षरे कोठून आली? वाचन कोठून आले? पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या आणि डझनाहून अधिक कथासंग्रह लिहिण्याइतकी भाषा त्याने कोणाच्या संगतीत कमावली? आम्हा माजी विद्यार्थ्यांचे जे छोटे वाचकमंडळ शाळेच्या ग्रंथालयात महिन्यातून एका रविवारी बसते, त्याने मराठीतील जुने, नावाजलेले कथासंग्रह एकेक करून मोठ्याने वाचावयास घेतले आहेत. अण्णाभाऊंपाशी आम्ही सर्वांत अधिक काळ थांबलो. प्रस्तुत लेख त्यांच्या आयुष्याविषयी आहे. मंडळाचा उल्लेख जेथे त्या आयुष्याचा अर्थ उलगडण्यास उपयोगी पडला, तेवढाच येथे केला आहे.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. त्या वेळी हे गाव सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. मूळ नाव तुकाराम, वडिलांचे नाव भाऊराव, आईचे वालूबाई. घर मांगवाड्यात. इंग्रज सरकारने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार मानून पोलिसांच्या हजेरीला बांधले, त्यांत मांग समाजाचाही समावेश होता. रात्री घरात आहे की नाही याचा हिशेब सरकारला द्यावा लागणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीला पुस्तकातूनच कळले. त्या काळी मात्र ते वस्तीच्या रोजच्या जगण्याचा भाग होते. इंग्रजांचा खजिना लुटणाऱ्या फकिराने आपल्या जन्माच्या वेळी घरी ओंजळीने रुपये दिले होते, अशी आठवण अण्णाभाऊ सांगत. पुढे याच फकिरावर त्यांनी कादंबरी लिहिली.

शाळेचा तो प्रसिद्ध दीड दिवस एवढाच सांगण्यासारखा आहे की पहिल्या दिवशी मुलाला अक्षर गिरवता आले नाही, मास्तरांनी मारले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडले आणि मुलाने शाळेकडे कायमची पाठ फिरवली. वेगळे बसवणे आणि जातीवरून हिणवणे यांसह जी शाळा चाले, तिने या मुलाला शिकवण्याचा फारसा प्रयत्न केला नाही. निवासी शाळेत वाढलेल्या आम्हाला हा प्रसंग वाचताना आपल्या पहिल्या पाटीची आठवण होणे साहजिक आहे. अण्णाभाऊंच्या वाट्याला तसा वर्ग आला नाही, तेव्हा त्यांची खरी शाळा दुसरीकडेच शोधली पाहिजे.

ती शाळा मुंबईच्या वाटेवर सुरू झाली. भाऊराव मुंबईत साहेबांच्या बंगल्यांवर बागकाम करीत. १९३१ च्या सुमारास दुष्काळ आणि उपासमार यांना कंटाळून सारे कुटुंब मुंबईस निघाले, आणि तेही पायी. दोनशेहून अधिक मैलांचे हे अंतर त्यांनी मिळेल तेथे मजुरी करीत, मुक्काम करीत कापले. कल्याणच्या परिसरात कोळशाचेही काम केले. अकरा वर्षांच्या मुलाने या प्रवासात जेवढे महाराष्ट्राचे दर्शन घेतले तेवढे अनेक लेखकांना आयुष्यभरात घडत नाही. खाण, रस्ता, कोळशाची वखार, उघड्यावरची चूल, मुकादमाचा आवाज या सर्व गोष्टी पुढे त्यांच्या कथांत येतात. त्या तेथे सजावटीसाठी आलेल्या नाहीत, माणसे तेथेच राहतात म्हणून आल्या आहेत.

भायखळ्याच्या चांदबिबी चाळीत बिऱ्हाड लागले. मुलाने हमाली केली, फेरीवाल्याचे गाठोडे वाहिले, हॉटेलात काम केले, पुढे गिरणीत शिरला. अक्षरओळख याच काळात झाली. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरील सिनेमाच्या जाहिराती, हातात पडेल तो कागद हे त्यांचे पाठ्यपुस्तक होते, आणि अडलेले अक्षर सांगणारा शेजारी हा गुरुजी. आमच्या मते येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. पाटी वाचणारा मुलगा एकटा वाचत नाही. तो मोठ्याने वाचतो आणि बरोबरचा माणूस चूक दुरुस्त करतो. अण्णाभाऊंचे वाचन पहिल्या दिवसापासून चारचौघांतले होते.

वडिलांचे काम सुटल्यावर कुटुंब गावी परतले. वाटेगावात नात्यातील बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. अण्णाभाऊ त्यात सामील झाले. ढोलकी, गाणे, सोंग आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांची नाडी ओळखणे ही विद्या त्यांनी येथे घेतली. बेचाळीसच्या चळवळीचे वारे त्या वेळी साताऱ्यात वाहत होते आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांचा प्रभाव त्या मुलुखावर होता. मात्र अण्णाभाऊंच्या आयुष्याला ज्या ठिकाणी कायमचे वळण लागले ते ठिकाण मुंबईतच होते: माटुंग्याची लेबर कॅम्प.

या वस्तीविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी तिचे नाव ऐकलेले असेल. कामगार, सफाई कामगार, गावातून उठून आलेली दलित कुटुंबे तेथे राहत. बाबासाहेबांच्या चळवळीचे आणि कम्युनिस्ट चळवळीचे कार्यकर्ते तेथे एकाच गल्लीत भेटत, वाद घालत, कधी एकमेकांवर रागावत. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाची तयारी करणाऱ्यांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट झाले, आणि तरुण अण्णाभाऊ ज्यांच्या सहवासात आले त्यांत ते होते. या कार्यकर्त्यांनी वस्तीत तरुणांची मंडळे चालवली, अभ्यासवर्ग घेतले. दिवसभर गिरणीत राबलेली पोरे रात्री दिव्याभोवती बसून वर्तमानपत्र, पत्रके आणि पुस्तके ऐकत. ज्याला वाचता येई तो वाचे, इतर ऐकत आणि विचारीत. मॅक्सिम गॉर्कीशी अण्णाभाऊंची ओळख याच वर्तुळात झाली.

गॉर्कीचाच परिणाम त्यांच्यावर इतका का झाला असावा, हे समजून घेण्यासाठी आम्ही मंडळात एका बैठकीत गॉर्कीची सव्वीस माणसे आणि एका मुलीची प्रसिद्ध कथा वाचली. तळघरातील भट्टीशी जुंपलेले सव्वीस कामगार, खिडकीतून दिसणारी चिमूटभर उजेडाची फट, रोज सकाळी येणारी ती मुलगी, आणि तिच्यावर त्यांनी नकळत लादलेले देवपण. कथा संपल्यावर कोणी काही बोलेना. मग आमच्यापैकी एक, जे स्वतः बारा वर्षे बेकरीत होते, पिठाच्या धुळीने छातीत काय होते ते सांगू लागले, आणि बैठक कथेवरून कामावर आणि कामावरून पुन्हा कथेवर जात दीड तास लांबली. लेबर कॅम्पमध्ये ही किंवा अशी कथा ऐकताना जवळपास असेच घडले असणार. गॉर्कीलाही शाळा फारशी लाभली नव्हती, त्यानेही अंगमेहनतीची कामे केली होती. कथा लिहिण्यासाठी राजवाड्याची किंवा दिवाणखान्याची गरज नसते, भट्टीजवळचा माणूसही कथेचा नायक होऊ शकतो, ही परवानगी अण्णाभाऊंना त्याच्याकडून मिळाली.

ती परवानगी वापरण्याआधी त्यांनी काही वर्षे गाण्यात घालवली. १९४३ साली स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. बंगालच्या दुष्काळावर रचना केली. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. हे त्रिकूट मैदानात उतरले की हजारो कामगार जमत. तमाशाच्या आरंभी गणपतीला वंदन करण्याची जी रीत होती ती अण्णाभाऊंनी बदलली. त्यांच्या गणात मायभूमीला आणि तिच्यासाठी लढलेल्यांना वंदन आले, आणि गवळण गेली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले तेव्हा त्यांनी त्याच साच्याला लोकनाट्य म्हणून नवे रूप दिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी रचलेली मैनेची छक्कड गावोगाव गायली गेली. गावी राहिलेल्या पत्नीचा विरह आणि महाराष्ट्रापासून तुटलेल्या मराठी मुलुखाचे दुःख तिच्यात एकत्र विणलेले आहे. बाबासाहेबांवर त्यांनी रचलेले गीत आपल्या वसतिगृहाच्या प्रांगणात दर १४ एप्रिलला आपण सर्वांनी गायले आहे. ते कोणाचे हे पुष्कळांना फार उशिरा कळले.

त्यांची पहिली कथा ‘माझी दिवाळी’ १९४९ साली ‘मशाल’ या पत्रात प्रसिद्ध झाली. त्यानंतर वीस वर्षे लेखणी थांबली नाही. ‘खुळंवाडी’, ‘बरबाद्या कंजारी’, ‘निखारा’, ‘फरारी’, ‘कृष्णाकाठच्या कथा’, ‘चिरागनगरची भुतं’ अशी या संग्रहांची नावे आहेत. या कथांना समीक्षकांनी बराच काळ बाजूस ठेवले. घटनांची गर्दी, नाट्यमय शेवट, ठळक रंगातील माणसे असे दोष सांगण्यात आले. मनातल्या मनात वाचताना यांतील काही दोष आम्हालाही जाणवले, हे नाकारण्याचे कारण नाही. काही कथा घाईत लिहिलेल्या आहेत, काहींचा शेवट आधीच ओळखता येतो. पण याच कथा मोठ्याने वाचल्या की त्यांची चाल बदलते. वाक्ये आखूड, क्रियापदांवर भर देणारी, श्रोत्याला धरून ठेवणारी. ज्या जागी कागदावर अतिशयोक्ती वाटली होती त्या जागी ऐकणारे पुढे सरकून बसतात. फडात उभे राहून समोरच्याच्या डोळ्यांत पाहत शिकलेल्या माणसाची ही भाषा आहे, आणि तिचे माप लावायचे तर ऐकणाऱ्यांच्या कानांनी लावले पाहिजे असे आमचे मत झाले आहे.

याची खात्री ‘स्मशानातील सोनं’ या कथेने करून दिली. ही कथा आता पाठ्यपुस्तकांतून आणि इंग्रजी अनुवादातून दूरवर गेली आहे, तरी तिचा आशय येथे सांगतो. वारणेकाठचा भीमा कामासाठी मुंबईत येतो. शहरात काम मिळत नाही, म्हणून उपनगरातल्या जंगलाजवळच्या दगडाच्या खाणीवर लागतो. सहा महिन्यांनी खाण बंद पडते. बायको आणि लाडकी लेक घरी आहेत, हातात काहीच नाही. एका ओढ्याकाठी जळलेल्या चितेच्या राखेत त्याला तोळाभर सोन्याची अंगठी सापडते. तेव्हापासून तो राख चाळू लागतो, मग रात्री पुरलेली मढी उकरू लागतो. खाणीत दगडाशी झुंजणारे ते बळ आता कोल्ह्यांशी आणि प्रेतांशी झुंजते. एका रात्री प्रेताच्या तोंडातील सोने काढताना त्याची बोटे त्या दातांत अडकतात, आणि ती कायमची जातात. त्याच सुमारास बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. दगड फोडणारी बोटे आता राहिलेली नाहीत, आणि भीमा लहान मुलासारखा रडतो.

ही कथा ज्या रविवारी वाचली तो पालकभेटीचा दिवस होता. मुलांना भेटण्यास आलेले काही पालक ग्रंथालयात येऊन बसले. त्यांतील कित्येकांना वाचता येत नाही, काहींनी खाणीवर आणि वीटभट्टीवर आयुष्य काढले आहे. वाचन संपल्यावर एका आजींनी विचारले की भीमाच्या लेकीचे पुढे काय झाले. कथेत ते नाही. दुसऱ्या एका पालकांचा प्रश्न अधिक अवघड होता. आपण रोज पंचशील घेतो, न दिलेले घेणार नाही असे म्हणतो, मग या माणसाला आपण काय म्हणायचे? मढ्याच्या अंगावरचे सोने कोणाचे असते? चोर म्हणावे तर जिवंत माणसाचे त्याने काही घेतले नाही. निर्दोष म्हणावे तर ज्या घरातले माणूस गेले त्या घराने ते सोने प्रेमाने अंगावर ठेवले होते.

चर्चा बरीच वाढली. शील परिस्थिती पाहून ढिले करता येत नाही, असे एका बाजूचे म्हणणे होते. उपाशी माणसाला शील शिकवण्यापूर्वी भाकरी द्यावी, असे दुसऱ्या बाजूचे. त्या वेळी आमच्या पाली शिक्षकांनी दीघनिकायातील दोन सुत्तांची आठवण दिली. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा रक्षण करतो पण निर्धनांना धन देत नाही, त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या अशी साखळी तथागतांनी दाखवली आहे. कूटदन्त सुत्तात राजाला सल्ला मिळतो की चोरांना मारून किंवा बांधून उपद्रव थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, सेवेत असलेल्यांना वेतन द्यावे, म्हणजे लोक आपापल्या कामात राहतील. शिक्षकांनी हे सांगितल्यावर ते आजींच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले की खाण सहा महिन्यांनी बंद झाली नसती तर भीमाच्या हाताला सोने लागलेच नसते. यावर अधिक बोलण्याची गरज कोणास वाटली नाही. अण्णाभाऊ बौद्ध नव्हते. ही सुत्ते त्यांनी वाचली होती की नाही याला महत्त्व नाही. त्यांनी बंद पडलेल्या खाणीपासून उघड्या कबरीपर्यंतची वाट माणसाच्या पावलांनी मोजली होती, आणि भीमाला ते कोठेही माफ करीत नाहीत. बोटे जातातच.

येथे एका अवघड विषयाला स्पर्श करणे आम्हाला कर्तव्य वाटते. अण्णाभाऊंची निवड केल्यावर आमच्याच काही जवळच्या मंडळींनी विचारले की बौद्ध संस्थेच्या वाचकमंडळाने इतर आपले लेखक सोडून यांच्यावर इतका वेळ का द्यावा. प्रश्न उघडपणे जातीचा नव्हता, पण त्याच्या खाली जातच होती. १ ऑगस्टच्या मिरवणुकीचे फलक एका वस्तीत आणि १४ एप्रिलचे दुसऱ्या वस्तीत, ही वाटणी आपण सर्वांनी पाहिली आहे. आम्ही या वाटणीला उत्तर द्यावयाचे ठरवले तेव्हा अण्णाभाऊंच्या आयुष्यातील दोनच गोष्टी पुढे केल्या.

पहिली गोष्ट २ मार्च १९५८ ची. मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या वेळी जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. नागपूरच्या धम्मदीक्षेची धूळही खाली बसली नव्हती. त्या भाषणात त्यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर उभी असल्याची जुनी समजूत बाजूस सारून सांगितले की ती दलित आणि श्रमिक यांच्या तळहातावर तरलेली आहे. दलित हा कोणा एका जातीचा शब्द नाही, असे त्यांनी त्या व्यासपीठावरून सुचवले. तेथे जमलेल्यांत बौद्ध होते, मातंग होते, चर्मकार होते, कम्युनिस्ट होते.

दुसरी गोष्ट १९५९ ची. ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. दुष्काळात उपाशी वस्तीला जगवण्यासाठी धान्य लुटणाऱ्या आणि शेवटी आपल्या लोकांच्या सुटकेसाठी स्वतः सरकारच्या हाती जाणाऱ्या बंडखोराची ही कहाणी. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली, १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. हे पुस्तक अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केले. पक्षाने कम्युनिस्ट, जन्माने मांग असा हा लेखक आपले सर्वांत मोठे पुस्तक कोणाच्या चरणी ठेवतो हे पाहिल्यावर आमच्यापुरता तो प्रश्न मिटला. ज्यांनी विचारले होते त्यांपैकी दोघे आता मंडळाचे नियमित सभासद आहेत. उरलेले अजून येत नाहीत, आणि त्यांनी यावे असे आम्हास वाटते.

लेबर कॅम्पच्या त्या गल्ल्यांनी मराठी कथेला आणखी एक नाव दिले, ते बाबुराव बागुल यांचे. तेही बालपणी तेथे राहिले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ मध्ये आला. अण्णाभाऊ आणि बागुल आम्ही लागोपाठ वाचले. अण्णाभाऊंची माणसे हातपाय हलवून संकटाशी भिडतात, बागुलांची माणसे आतून पेटतात. एकाच वस्तीतून इतके वेगळे दोन आवाज निघाले याचे आम्हाला नवल वाटले आणि अभिमानही. मराठी कथेच्या इतिहासात ज्या काळाला नवकथेचा काळ म्हणतात, त्याच काळात माटुंग्याच्या पत्र्यांखाली दुसरी एक कथा घडत होती, आणि तिची नोंद घेण्यास इतिहासकारांनी वेळ लावला.

१९६१ साली अण्णाभाऊ सोव्हिएत संघात जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. ज्या शहरांचे पोवाडे गायले ती भूमी प्रत्यक्ष पाहिल्याचा आनंद त्या पुस्तकात निर्मळपणे उतरला आहे. पुस्तक उत्साही आहे, टीकेची नजर त्यात कमी आहे. तेथील कामगाराचे घर पाहून त्यांना स्वतःची झोपडी आठवली असेल तर त्यात आश्चर्य नाही. घाटकोपरच्या चिरागनगरात त्यांचा संसार होता. पावसाळ्यात गळणारे छप्पर, शेजारचे भांडण, गल्लीतील चिखल यांच्या मध्ये बसून त्यांनी बहुतेक लेखन केले. ‘चिरागनगरची भुतं’ या नावातील भुते कोणत्या जगातली आहेत हे तेथे राहिलेल्याला सांगावे लागत नाही. आपण जे जगलो आणि पाहिले तेच लिहितो, कल्पनेचे पंख आपल्याला नाहीत, असे त्यांनी ‘वैजयंता’च्या प्रस्तावनेत नोंदवले आहे आणि त्याबाबतीत स्वतःची तुलना बेडकाशी केली आहे. आमच्या मते या विनयात थोडी थट्टा आहे. पंख असलेल्या लेखकांकडे त्यांनी तळ्याच्या काठावरून मिश्कीलपणे पाहिले असावे.

त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. गजानन जागीरदारांनी दिग्दर्शित केलेला ‘वैजयंता’ १९६१ मध्ये आला, पुढे ‘फकिरा’ पडद्यावर आला. लोकांनी ते पाहिले. लेखकाच्या घरी मात्र त्यातून समृद्धी आली नाही. पुस्तके खपत होती, आवृत्त्या निघत होत्या, आणि लिहिणाऱ्याचा हात पुढच्या हप्त्यासाठी पुढच्या हस्तलिखितावर धावत होता. घाईत लिहिलेल्या त्या कथांचा उल्लेख वर केला आहे. त्या घाईचे कारण शोधायचे तर लेखकाच्या कलेपेक्षा त्याच्या चुलीकडे आधी पाहावे. खाण बंद होण्याची भीती भीमाला होती तशीच ती भीमाच्या निर्मात्यालाही होती.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. प्रकृती ढासळली, एकटेपण वाढले, व्यसनाने ग्रासले. हे लिहिताना आम्ही संकोचलो नाही, कारण आमच्या अनेक घरांनी हे दुःख पाहिले आहे आणि लपवल्याने ते कमी झालेले नाही. अखेरीस ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात राहत होते. १८ जुलै १९६९ रोजी तेथे त्यांचे निधन झाले. वय एकोणपन्नासही पूर्ण झाले नव्हते. २००२ मध्ये, त्यांच्या जन्मदिनी १ ऑगस्टला, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे चार रुपयांचे तिकीट काढले. आज त्यांच्या नावे महामंडळ आहे, पुतळे आहेत, विद्यापीठांत अध्यासने आहेत, आणि ज्या शाळेत त्यांना दीड दिवस बसू दिले गेले तशा हजारो शाळांत त्यांची कथा परीक्षेला असते.

शाळेच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंच्या कथासंग्रहांच्या ज्या प्रती आहेत त्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या आहेत. ‘खुळंवाडी’चे पुढचे पान फाटले होते, ते नववीच्या मुलींनी नव्या कागदाने बांधून घेतले आहे. ‘निखारा’ची एकच प्रत आहे आणि ती वाचण्यासाठी नावांची यादी लावावी लागते. पुढील बैठकीपासून ‘बरबाद्या कंजारी’ हा संग्रह घेणार आहोत. जातपंचायतीसमोर उभ्या राहणाऱ्या त्या बापाची कथा वाचण्याची जबाबदारी या वेळी एका पालकांनी स्वतः मागून घेतली आहे. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. महिनाभर ते रात्री मुलाकडून एकेक पान तयार करून घेत आहेत.